शांत घर नको, अंदाज येणारं घर हवं

इंग्लंडमध्ये भाड्याचं घर पाहायला साधारण पंधरा मिनिटं मिळतात. एजंट दारात चाव्या हलवत उभा असतो, तुमच्यानंतरचं जोडपं जिन्यात थांबलेलं असतं. तुम्ही नळ सोडून बघता, कपाटं उघडून बघता, "छान आहे" म्हणता. संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं. या पंधरा मिनिटांवर पुढच्या वर्षभराची झोप आणि काम ठरतं. ऑटिस्टिक माणसाच्या बाबतीत कधीकधी नोकरी टिकणार की नाही, हेसुद्धा.

गेल्या महिन्यात पॉडकास्टसाठी एका श्रोत्याचा प्रश्न आला होता. त्यांचा धाकटा भाऊ २७ वर्षांचा, ऑटिस्टिक, पुण्याहून कॉव्हेंट्रीला नोकरीसाठी येतोय. पहिल्यांदाच आईवडिलांपासून लांब राहणार. त्याच्यासाठी कसं घर बघायचं? माइकसमोर मी पटकन सांगून टाकलं, "शांत एरिया बघा, गजबजाटात नको." दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग परत ऐकलं आणि स्वतःचाच राग आला. कारण शांत एरियातल्या एका अतिशय शांत घरानेच मला पार मोडून टाकलं होतं. तर हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती समजा. तुम्ही स्वतः ऑटिस्टिक असाल, किंवा भावाबहिणीसाठी, मुलासाठी घर शोधत असाल, तर घाईतल्या माझ्या त्या सल्ल्यापेक्षा हे वाचा.

माझ्याबद्दल थोडं. मी ऐकण्याच्या विज्ञानात काम करते: गोंगाटात माणसाला समोरच्याचं बोलणं कसं कळतं, हे मोजणं हा माझा रोजचा धंदा. पीएचडी नेदरलँड्समध्ये केली, आता लीड्समध्ये पोस्टडॉक. ऑटिझमचं निदान झालं तेव्हा मी ३३ वर्षांची होते. मराठीत याला 'स्वमग्नता' म्हणतात. हा शब्द मला कधीच पटला नाही. स्वतःत मग्न राहता आलं असतं तर फार बरं झालं असतं! माझी अडचण नेमकी उलटी आहे. बाहेरचं जग सरळ आत येतं आणि त्याला दार लावता येत नाही. डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने २०१३ साली आवाज, उजेड, वास, स्पर्श यांना नेहमीपेक्षा जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या निकषांमध्ये घेतलं. 'किंवा कमी' हे शब्द विसरू नका. काही ऑटिस्टिक माणसांना पंख्याची घरघर, टीव्हीचा आवाज, गर्दीतली वर्दळ हवीशी वाटते. त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या भावाला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. प्रश्न मात्र तेच विचारायचे आहेत.

आता ते शांत घर. लीड्सच्या उत्तरेला, बंद गल्लीच्या टोकाला, नव्या इमारतीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. डबल ग्लेझिंग, खिडकीबाहेर बर्चची झाडं, शेजारी बहुतेक निवृत्त. एजंट म्हणाला, फार शांत भाग आहे. तो खोटं बोलला नाही. फोनवरच्या अॅपमध्ये दिवसाढवळ्या ३५ डेसिबलच्या आसपास आकडा दिसायचा.

चार महिन्यांत मी त्या घरात राहणं जवळजवळ बंद केलं. रात्री अकरापर्यंत प्रयोगशाळेत बसायचे, दोनदा तिथल्या सोफ्यावरच झोपले. कारण सांगायलाही लाज वाटावी असं. शेजारचा कुत्रा भुंकायचा. सतत नाही, दिवसातून चार-पाचदा, कधीही. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी नातू यायचा आणि लॅमिनेटच्या फरशीवर पळायचा, तोही कधीही. मधल्या वेळात पूर्ण शांतता. त्या शांततेत मी काय करत होते, तर वाट बघत होते. कुत्रा भुंकत नसतानाही मी त्याचीच वाट बघत असायचे. एक शोधनिबंध अर्धवट राहिला, बॉसने हळूच विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" करार मोडायचा तर नवा भाडेकरू मिळेपर्यंत भाडं माझंच. दोन महिने दोन घरांचं भाडं भरलं. पोस्टडॉकच्या पगारात म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, आवाजामुळे घर सोडतेय. ती म्हणाली, "अगं, मिरजेत रुळांच्या शेजारी वाढलीस तू. रात्री मालगाडी गेली तरी कूस बदलायची नाहीस. आणि आता कुत्र्याने झोप उडते? नखरे आहेत हे." मला खूप लागलं. मी फोन ठेवून दिला. पण दोन दिवसांनी लक्षात आलं, ती जे सांगत होती ते शंभर टक्के खरं होतं. मिरज जंक्शन. गाड्यांचा खडखडाट, शंटिंगचे धक्के, भोंगे, आणि आमच्या घरात खरंच कुणालाही त्याचं काही वाटायचं नाही. उलट मला गाड्यांच्या वेळा पाठ होत्या. हीच मुलगी कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून पलंगाखाली जायची. मग आईनेच एक युक्ती काढली होती: शिट्टी यायच्या बेतात असली की स्वयंपाकघरातून ओरडायची, "शिट्टी होणार गं!" तेवढं पुरायचं. आवाज तेवढाच, पण पलंगाखाली जाणं थांबलं.

पंचवीस वर्षांपूर्वी आईने स्वयंपाकघरात जे शोधून काढलं, त्यावर १९६०च्या दशकाच्या शेवटी डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले. (ऑटिझमशी त्यांचा काही संबंध नव्हता.) लोकांना काम करताना मोठे आवाज ऐकवले, काहींना ठरावीक अंतराने, काहींना मध्येच कधीही. गंमत अशी की आवाज चालू असताना दोन्ही गटांचं काम बऱ्यापैकी नीट झालं. माणूस जुळवून घेतो. फरक पडला तो नंतर, आवाज थांबल्यावर. ज्यांना अंदाज न येणारे आवाज ऐकवले होते, त्यांनी पुढची अवघड कोडी लवकर सोडून दिली, मुद्रितशोधनात जास्त चुका केल्या. दुसऱ्या एका प्रयोगात काहींना एक बटण दिलं: फारच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलं नाही. तरी नुसतं बटण हाताशी होतं, म्हणून त्यांच्यावर नंतरचा परिणाम बराच कमी झाला. १९७२ साली हे सगळं त्यांच्या 'अर्बन स्ट्रेस' या पुस्तकात आलं.

थोडक्यात, आवाजाची किंमत डेसिबलमध्ये मोजली की निम्मा हिशोब राहून जातो. तो कधी येणार हे माहीत आहे का, आणि तो थांबवणं आपल्या हातात आहे का, यावर उरलेला हिशोब ठरतो. आणि बिल लगेच येत नाही. तुम्ही आवाज 'सहन' करता, मग संध्याकाळी ईमेललाही उत्तर देता येत नाही, आणि तुम्हाला वाटतं आपण आळशी झालो.

ऑटिस्टिक मेंदूत हे जास्त का होत असावं? यावरच्या एका विचारधारेनुसार मेंदू सतत पुढे काय होणार याचे अंदाज बांधतो आणि अंदाजाप्रमाणे घडलेलं फारसं मनावर घेत नाही. लिझ पेलिकानो आणि डेव्हिड बर यांनी २०१२ साली असं मांडलं की ऑटिझममध्ये जुन्या अनुभवावरून बांधलेल्या अंदाजांचं वजन कमी पडतं, म्हणून जग जरा जास्तच खरं, जास्तच ताजं वाटतं. २०१४ साली सँडर व्हान डी क्रॉइस आणि सहकाऱ्यांनी थोडी वेगळी मांडणी केली: अंदाज चुकला की त्या चुकीलाच फार महत्त्व दिलं जातं. या दोन्ही सिद्धांतांवर वाद चालू आहे आणि मी त्यातली तज्ज्ञ नाही. पण दहाव्यांदा भुंकलेला कुत्रा पहिल्यांदाच भुंकल्यासारखा का वाटतो, याचं मला पटलेलं हे पहिलंच स्पष्टीकरण.

यापुढचं मात्र माझ्या कामातलं आहे. एखादा आवाज किती टोचतो हे तो किती मोठा आहे यापेक्षा आजूबाजूच्या आवाजाहून किती वर आहे, यावर बरंच ठरतं. सतत चालणारा घुमारा बारीकसारीक आवाज झाकून टाकतो. नीरव खोलीत पाल चुकचुकली तरी दचकायला होतं, तीच पाल पंखा चालू असताना ऐकूही येत नाही. म्हणून डबल ग्लेझिंगने बाहेरची रहदारी बंद केली की शेजाऱ्याची पावलं जास्त ऐकू येऊ लागतात. घर शांत होत जातं तसा प्रत्येक आवाज उघडा पडत जातो. माझा तो फ्लॅट असा उघडा पडलेला होता.

याचा अर्थ हमरस्त्यावर घर घ्या असा नाही. वर्षानुवर्षं रहदारीच्या आवाजात झोपणं हृदयाला आणि झोपेला वाईट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी रहदारीच्या आवाजाची शिफारस केलेली मर्यादा दिवसरात्र मिळून ५३ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. इंग्लंडमध्ये सरकारी आवाज-नकाशे इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात, जरूर बघा. पण ते रस्ते, रेल्वे वगैरेंच्या वर्षभराच्या सरासरीचे नकाशे आहेत. सरासरीत कुत्रा नसतो.

तिथून मी गेले हेडिंग्लीला. होय, तेच हेडिंग्ली, जिथे १९८६ साली वेंगसरकरांनी शतक ठोकलं होतं आणि आपण कसोटी जिंकली होती. स्टेडियमपासून चालत सात मिनिटं. विद्यार्थ्यांची वस्ती. शनिवारी दुपारी चित्रविचित्र कपडे घालून एका पबमधून दुसऱ्या पबमध्ये जाणाऱ्या टोळ्यांची 'ओटली रन' जवळच्याच रस्त्यावरून जाते. ऑफिसमधल्या सहकाऱ्याने मला वेड्यात काढलं. पण सामन्यांचं वेळापत्रक हंगामाआधी जाहीर होतं, मी ते फ्रिजवर लावते. ओटली रन शनिवारची. शनिवारी दुपारी मी ग्रंथालयात असते. विद्यार्थी जूनच्या शेवटी जातात आणि सप्टेंबरात येतात. इथला गोंगाट मोठा आहे, पण त्याला कॅलेंडर आहे. अडीच वर्षं झाली, मी इथेच आहे.

घर स्वतः मात्र आदर्श नाही. लीड्समध्ये 'बॅक-टू-बॅक' नावाची विटांची जुनी घरं आहेत, पाठीला पाठ लावून बांधलेली. ओळीच्या मधल्या घराच्या तीन भिंती शेजाऱ्यांच्या असतात आणि दारंखिडक्या एकाच बाजूला. देशात १९०९च्या कायद्याने अशी घरं बांधायला बंदी आली, लीड्समध्ये तरी ती १९३७ पर्यंत बांधली जात होती. मी ओळीतलं टोकाचं घर शोधलं, म्हणजे एक भिंत कमी. बघायला गेले तेव्हा शेजारचं दार सरळ ठोठावलं आणि विचारलं, तुमच्याकडे कोण कोण राहतं, किती वाजता झोपता. (माझ्यासाठी हे काम सोपं नव्हतं. वाक्यं आधी कागदावर लिहून नेली होती.) माणूस रात्रपाळीचा नर्स निघाला. तो दिवसा झोपतो, त्यामुळे मी दिवसा शांत असते आणि तो रात्री घरी नसतो. याहून चांगला शेजारी मागूनही मिळणार नाही.

नव्या इमारतीत भिंती चांगल्या असतात का? कागदावर हो. २००३ पासून इंग्लंडमधल्या इमारत-नियमांनुसार नव्या घरांमधल्या सामायिक भिंतीने आणि मजल्याने हवेतून येणारा आवाज किमान ४५ डेसिबल अडवायला हवा. जुनी इमारत बदलून केलेल्या फ्लॅटना ४३. पावलांच्या आवाजाचा निकष वेगळा आहे. पण हे पास होण्यापुरते मार्क आहेत. शेजाऱ्याचं बोलणं अडतं, स्पीकरचा बेस आणि टाचांचा धपधपाट बऱ्याचदा येतोच. म्हणून वरचा मजला घ्या, हा सल्ला घिसापिटा असला तरी बरोबर आहे.

त्या पंधरा मिनिटांत काय बघायचं? नळ आणि कपाटं सोडा. बाथरूमचा दिवा लावा. खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये दिव्याबरोबर पंखा सुरू होतो आणि दिवा बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटं घुरघुरत राहतो. झोपायच्या खोलीतल्या कपाटात बॉयलर आहे का बघा, तो थंडीत पहाटे आपलाआपण पेटतो. धुराचा अलार्म स्वयंपाकघराच्या किती जवळ आहे? मोहरी-मिरचीची फोडणी पडली की बोंबलणारा अलार्म मी दोन घरांत भोगलाय. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेवर चालणारा अलार्म असतो, तो बसवून मागता येतो. मोठ्या इमारतीत फायर अलार्मची चाचणी आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी होते, ती वेळ विचारून घ्या. पडदे लावून खोलीत किती अंधार होतो ते रात्री जाऊनच कळतं, कारण खिडकीसमोरचा एलईडी दिवा दिवसा निरुपद्रवी दिसतो.

आणि दार उघडल्यावर तुम्ही कुठे येता ते बघा. कैरोच्या अमेरिकन विद्यापीठातल्या वास्तुरचनेच्या प्राध्यापक मॅग्दा मुस्तफा यांनी ऑटिस्टिक माणसांसाठी इमारती कशा असाव्यात याची सात तत्त्वं मांडली आहेत. (आपलं वास्तुशास्त्र नव्हे. ईशान्येला काय आहे याच्याशी संबंध नाही.) आवाज आणि सुटकेची जागा ही तत्त्वं कुणालाही सुचतील. मला भिडलं ते 'मधल्या जागे'चं: एका वातावरणातून दुसऱ्यात जाताना इंद्रियांना जुळवून घ्यायला थोडी जागा हवी. आपल्या जुन्या घरांना ओसरी असायची, तेच काम. माझं घर रस्त्यावरून थेट बैठकीत उघडतं. मी दारामागे छताला दांडी लावून जाड पडदा सोडलाय, आत चार फुटांची अंधारी जागा झाली आहे. कामावरून आले की तिथे पायताण काढून दोन मिनिटं उभी राहते. पाहुण्यांना विचित्र वाटतं.

पाहुण्यांवरून माणसांकडे येते. एकटं राहायचं की कुणाबरोबर, हा पैशाचा प्रश्न आहेच, पण फक्त पैशाचा नाही. नेदरलँड्समध्ये खोली मिळवायची तर 'होस्पिटेरन' नावाचा प्रकार असतो. घरात राहणारी मुलं दहाबारा उमेदवारांना एका संध्याकाळी बोलावतात, गप्पा मारतात आणि सगळ्यात 'छान' वाटलेल्याला खोली देतात. मी अशा नऊ संध्याकाळी गेले आणि नऊ वेळा नापास झाले. शेवटी एका मराठी कुटुंबाने त्यांच्याकडची खोली दिली. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण तिथे दार न वाजवता "काय गं, जेवलीस का?" म्हणून कुणीही आत यायचं, आणि मी दार लावून बसले की सगळ्यांना वाटायचं, हिचं काहीतरी बिनसलंय. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली 'दुहेरी सहानुभूतीचा पेच' मांडला: गैरसमज एकाच बाजूने होत नाही, दोन्ही बाजूंना एकमेकांचं वाचता येत नाही. ते कुटुंब वाईट नव्हतं, मीही माणूसघाणी नव्हते. मी पहिल्याच दिवशी "दार बंद म्हणजे राग नाही, आठ वाजता बाहेर येईन" असं सांगितलं असतं तर चाललं असतं. त्यांची "शिट्टी होणार गं" मी त्यांना कधी दिलीच नाही.

एकटं राहण्यातही धोका आहे आणि तो आईवडिलांना आपल्याआधी दिसतो. दिवस वाईट गेला की माझं बोलणं बंद पडतं, फोन उचलता येत नाही, स्वयंपाक होत नाही. म्हणून घर निवडताना मी नकाशावर एक वर्तुळ काढते: जिच्याकडे माझी दुसरी चावी असेल अशी एक व्यक्ती चालत वीस मिनिटांच्या आत हवी. एकच पुरते. तिला मी फक्त एक ठरलेली इमोजी पाठवते, ती डब्यात वरणभात आणून दारात ठेवते आणि जाते.

श्रोत्यांच्या भावासाठी कायद्याचंही सांगते. ब्रिटनमध्ये २०१०च्या समानता कायद्याखाली, रोजच्या जगण्यावर मोठा आणि दीर्घकाळ परिणाम होत असेल तर ऑटिझम हे अपंगत्व मानलं जातं, आणि एजंट व घरमालकांना वाजवी बदल करावे लागतात. घरमालकाने भिंती पाडाव्यात असं कुणी म्हणत नाही. पण फोनऐवजी ईमेलवर बोलणं, पुन्हा एकदा घर दाखवणं, तपासणीला यायच्या आधी लेखी वेळ कळवणं, एवढं मागता येतं. मी तीनदा मागितलं, दोनदा मिळालं. तिसरा एजंट म्हणाला, इतर लोक रांगेत आहेत. ते घर मी सोडून दिलं. इंग्लंडमध्ये घर अडवून ठेवायला जे टोकन घेतात ते २०१९च्या कायद्यानुसार एका आठवड्याच्या भाड्यापेक्षा जास्त असू शकत नाही, तेव्हा घाबरून जास्त पैसे देऊ नका.

आणि भावाला पहिल्याच दिवशी कायमच्या घराच्या करारात अडकवू नका. कॉव्हेंट्रीत महिनाभराची तात्पुरती जागा घ्या. त्याला घरी, पुण्यात, कोणते आवाज चालतात आणि कोणते नाहीत, त्याची यादी त्यालाच करायला सांगा, तुम्ही करू नका. त्याला रिक्षांचा गोंगाट चालत असेल आणि फ्रिजची टिकटिक चालत नसेल, तर ते तसंच लिहू द्या.

माझा इथला करार सप्टेंबरमध्ये संपतोय. पुढची नोकरी शेफील्डला आहे आणि परवा तिथे दोन घरं बघायची आहेत. एक टेकडीवर, झाडीत, एजंटच्या शब्दांत 'अत्यंत शांत'. दुसरं ट्रामच्या मार्गावर. दोन्ही घरांसमोर मी सकाळी आठला आणि रात्री साडेदहाला, प्रत्येकी अर्धा तास बसणार आहे. आईला सांगितलं तर म्हणाली, थंडी असेल, थर्मास ने. आणि ट्रामचं वेळापत्रक मला व्हॉट्सअॅपवर पाठव.